तक्रारींच्या यादीतून 'युजर एरर' काढून टाका

प्रिय डिझायनर, अभियंते आणि प्रॉडक्ट मॅनेजर मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे, फक्त बसायची जागा वेगळी. बरीच वर्षं मी मदतकेंद्रावर फोन घेतले. आता लोक तुमची ॲप आणि यंत्रं वापरत असताना शेजारी बसून बघणं हे माझं काम आहे. दोन्ही नोकऱ्यांत एक गोष्ट सारखी समोर येत राहिली आणि तिच्याबद्दल आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

तक्रारीचं तिकीट, म्हणजे तिची संगणकातली नोंद, बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, 'कारण निवडा'. खाली यादी उघडते: सर्व्हर बंद, नेटवर्क, बग (प्रोग्राममधला दोष), तीच तक्रार पुन्हा, युजर एरर, म्हणजे वापरणाऱ्याची चूक. हा शेवटचा पर्याय मी किती वेळा निवडला असेल याची गणतीच नाही. समोरच्या माणसाचं काम व्हायचं, तो "माझंच चुकलं हो, तुम्हाला उगाच त्रास दिला" म्हणून फोन ठेवायचा आणि मी युजर एरर निवडून पुढचा फोन उचलायचे. ते तिकीट पुन्हा कुणी उघडत नसे. बग म्हणून नोंदवलेलं तिकीट कुणातरी अभियंत्याच्या नावावर चढतं, त्याला तारीख मिळते, सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याबद्दल विचारणा होते. युजर एररला मालक नसतो. महिन्याच्या अहवालात त्याची एक फोड दिसायची आणि सगळे पुढच्या पानावर जायचे.

तो पर्याय यादीतून काढून टाका, ही माझी मागणी आहे. का, ते नीट सांगते.

काही वर्षांपूर्वी बिलं भरायच्या एका ॲपची चाचणी घ्यायला मी एका बाईंच्या घरी गेले होते. वय पासष्टच्या आसपास, सगळी नोकरी हिशेबाच्या कामात गेलेली. मी त्यांना काकू म्हणत होते. दोनच आठवड्यांपूर्वी ॲपला नवं रूप मिळालं होतं आणि टीममध्ये सगळे त्यावर खूश होते. मी म्हटलं, "काकू, नेहमी भरता तसं एक बिल भरून दाखवा ना." फोनला हात लावायच्या आधी त्यांनी खणातून एक छोटी वही काढली, चष्मा लावला आणि खूण घातलेलं पान उघडलं.

पानावर क्रमांक घालून ओळी लिहिल्या होत्या. मी त्यांच्या परवानगीने उतरवून घेतल्या, म्हणून शब्द त्यांचेच आहेत:

१. हिरवं चित्र दाबायचं.
२. गोल फिरेल, थांबायचं.
३. वर उजवीकडे तीन रेघा.
४. खालून दुसरं.
५. इथे दोनदा दाबायचं नाही.
६. वरून पट्टी येईल, तेवढ्यात आकडा इथे लिहून घ्यायचा. मेसेज उघडायचा नाही.

पाचव्या ओळीखाली लाल शाईने दोन रेघा ओढलेल्या. मी कारण विचारलं. एकदा बटण दाबल्यावर काहीच हललं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं आणि पैसे दोनदा गेले. ते परत यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्यांनी ही गोष्ट घरात कुणालाही सांगितली नव्हती. सहाव्या ओळीचं कारण असं, की ओटीपी बघायला मेसेज उघडून परत ॲपमध्ये आलं, की भरलेला फॉर्म कोरा व्हायचा. म्हणून वरची पट्टी दिसते तेवढ्या चार-पाच सेकंदांत आकडा वहीत टिपायचा, हा उपाय त्यांनी स्वतः शोधून काढला होता.

आता नव्या रूपात हिरवं चित्र निळं झालं होतं आणि तीन रेघा वरून खाली आल्या होत्या. काकू वहीकडे बघत, मग स्क्रीनकडे, परत वहीकडे. बोट हवेतच थांबलेलं. दीड-दोन मिनिटं गेली असतील. चाचणी घेणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, त्यामुळे मी गप्प. शेवटी त्या म्हणाल्या, "मला नाही जमत हो हे आताशा." जिने तीस-बत्तीस वर्षं इतरांच्या हिशेबातले फरक शोधून दिले, ती बाई हे म्हणत होती.

परत आल्यावर मी जुनी तिकिटं उघडली. 'दोनदा पैसे गेले', 'फॉर्म परत भरावा लागतो', अशी तिकिटं होती आणि त्यातली बरीचशी युजर एरर म्हणून बंद केलेली होती. काही मीच केली होती. वहीच्या एका पानावर आमच्या ॲपमधले दोन दोष, त्यांवरचे उपाय आणि झालेलं नुकसान, सगळं शाईने लिहून ठेवलेलं होतं. आमच्या यंत्रणेत तेच सगळं आलं होतं, पण एका शेऱ्याखाली गाडलं गेलं होतं.

हा शेरा काही आपल्या क्षेत्राने शोधलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलात अशाच शेऱ्याने बरेच अपघात मिटवले जात होते. बी-१७ सारखी बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक अचानक चाकं आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. यंत्रात बिघाड सापडायचा नाही, त्यामुळे 'पायलट एरर'. आल्फोन्स चॅपॅनिस नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ या प्रकरणात लक्ष घालत होता. त्याने कॉकपिट बघितलं, तर चाकांचं नियंत्रण आणि फ्लॅपचं, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचं, नियंत्रण शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला जवळजवळ सारखंच. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात. दमलेल्या वैमानिकाचा हात शेजारच्यावर पडायचा. सी-४७ या मालवाहू विमानात हीच दोन नियंत्रणं वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या तऱ्हेची होती, तिथे हा घोळ होत नव्हता. माणसं त्याच तालमीत तयार झालेली, मग एका विमानात ती बेसावध आणि दुसऱ्यात सावध कशी असतील?

चॅपॅनिसने चाकांच्या नियंत्रणावर छोटंसं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या नियंत्रणावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. अंधारात, हातमोजे घालूनही, हाताला कळायला लागलं की आपण काय धरलंय. आजही विमानांत चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ असते, ती या कामामुळे.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी वैमानिकांकडून अशा ४६० प्रसंगांची माहिती गोळा केली आणि त्यांची वर्गवारी लावली. सुमारे निम्मे प्रसंग एका नियंत्रणाऐवजी दुसरंच वापरल्याचे निघाले. बाकीच्यांत विसरणं होतं, चुकीच्या दिशेला फिरवणं होतं, हात न पोहोचणंही होतं. मला सगळ्यात भावते ती एक बारीक गोष्ट: अहवालाच्या शीर्षकात त्यांनी 'पायलट-एरर' हा शब्द अवतरणचिन्हांत घातला. शब्द वापरला, पण तो आपला मानला नाही. त्यांच्या यादीकडे बघितलं की लक्षात येतं, प्रत्येक वर्ग एक काम सुचवतो. हात पोहोचत नसेल तर दांडा जवळ आणा, दिशा उलटी वाटत असेल तर ती बदला. 'पायलट एरर' एवढंच लिहिलं, तर वैमानिकाला ओरडण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, ते युद्धातलं विमान, आमचं साधं ॲप. पण काकूंच्या पाचव्या ओळीत नेमकं काय घडलं ते बघा. बटण दाबलं आणि पडदा गप्प राहिला. यंत्राने मागणी स्वीकारली होती, फक्त सांगितलं नव्हतं. या गप्प राहण्याची किंवा अर्धवट सांगण्याची मोठी उदाहरणं इतिहासात आहेत. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षात त्याच्यासाठी एक दिवा होता आणि तो विझला, म्हणून कर्मचाऱ्यांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. दिवा प्रत्यक्षात एवढंच सांगत होता, की बंद होण्याचा आदेश पाठवला गेला आहे. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही हे तो सांगूच शकत नव्हता. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त इशारे वाजू लागले होते. व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त वेळ उघडा राहिला, पाणी निघून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला.

तुमच्या स्क्रीनवरचं 'यशस्वी' हे हिरवं अक्षर कशाची ग्वाही देतं, हे एकदा तुमच्या अभियंत्यांना विचारून बघा. विनंती पाठवली गेली याची, की समोर काम झालं याची? मी विचारते तेव्हा बऱ्याचदा खोलीत थोडा वेळ शांतता असते.

थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राची हकीगत तर मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम सांगते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याच्या हातून सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा मिळाल्याचं नोंदलेलं आहे आणि त्यातले काही जण दगावले. १९८६ साली टेक्ससमधल्या एका प्रसंगात ऑपरेटरने किरणांचा प्रकार निवडताना इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणांचं अक्षर चुकून टाईप केलं, लगेच तिच्या लक्षात आलं, तिने बाणाची कळ दाबून मागे जाऊन इलेक्ट्रॉनचं अक्षर टाकलं. म्हणजे चूक तिची तिने पकडली आणि सुधारलीही. पण रोजच्या सरावाने तिचा हात इतका चपळ झाला होता, की पहिल्या काही सेकंदांत झालेली ती दुरुस्ती प्रोग्रामच्या नजरेतून निसटली. पडद्यावर आलं, 'मालफंक्शन ५४'. याचा अर्थ काय, हे माहितीपुस्तिकेतून कळण्यासारखं नव्हतं. असले संदेश त्या यंत्रावर रोज येत, आणि एक कळ दाबली की काम पुढे चालू होई. तिने ती कळ दाबली. आधीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी किरण अडवणारी यांत्रिक सोय होती. या मॉडेलमध्ये ती काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवली होती.

या ऑपरेटरच्या नावापुढे तुम्ही युजर एरर लिहाल का? मला ठाऊक आहे, कुणीच लिहिणार नाही, कारण आता आपल्याला सगळी गोष्ट माहीत आहे. मदतकेंद्रावर येणाऱ्या फोनची गोष्ट मात्र आपण विचारतच नाही. दोन्हींत फरक तेवढाच आहे.

आता वहीकडे परत येते, कारण माझ्या मते तुमच्या कामाची सगळ्यात समृद्ध माहिती अशा वह्यांमध्ये असते. माणसं वस्तूला वळसा घालून काम उरकतात. कुणी कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी ठेवतं. यंत्राच्या दोन सारख्या बटणांपैकी एकावर नेलपॉलिशचा ठिपका असतो. कुणी ॲपमधली यादी कागदावर उतरवून घेतं, कारण ॲपमध्ये ती एका वेळी चारच ओळी दाखवते. आपण हे बघतो आणि म्हणतो, लोक नीट वापरत नाहीत. खरं तर आपण अर्धवट सोडलेलं डिझाइन त्यांनी घरी बसून पूर्ण केलेलं असतं, तेही फुकट.

औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. लहान मुलांनी गोळ्या खाऊ नयेत म्हणून अमेरिकेत १९७० साली कायदा झाला आणि मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणं सक्तीची झाली. झाकणाची परीक्षा साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांवर घेत. ती मोठ्या माणसांना उघडता येतात का, हेही तपासत, पण त्या मोठ्यांचं वय असे १८ ते ४५. रोज गोळ्या घेणारी माणसं बहुतेक याहून म्हातारी, त्यांची बोटं आखडलेली. त्यांना ती झाकणं उघडेनात. मग त्यांनी झाकण सैल ठेवायला सुरुवात केली, नाहीतर गोळ्या सरळ दुसऱ्या साध्या डबीत काढून ठेवल्या. नातवंडं घरी आली की डबी समोरच. मुलांसाठी केलेली सोय मुलांपर्यंत पोहोचलीच नाही.

इथे 'आजोबांचा निष्काळजीपणा' असा शेरा मारून फाईल बंद करता आली असती. त्याऐवजी १९९५ साली परीक्षेचा नियमच बदलला आणि झाकण उघडून बघणारी मोठी माणसं ५० ते ७० या वयाची घ्यायची असं ठरलं. झाकणं बनवणाऱ्यांना नवी रचना शोधावी लागली. मध्ये पंचवीस वर्षं गेली, याची मला हळहळ वाटते, पण प्रश्न योग्य ठिकाणी पोहोचला. सैल झाकण ही तक्रार होती, फक्त ती कुणी फोनवर सांगितलेली नव्हती.

'आम्ही कुणासाठी बनवतोय' हा प्रश्न यातूनच निघतो. तुमच्या भिंतीवर काल्पनिक ग्राहकाचं चित्र लावलेलं असतं, वय पस्तीस, नेहमी हसतमुख. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. सरासरी माणसाला बसेल असं कॉकपिट करायचं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि सगळ्या दहांत सरासरीच्या आसपास बसणारे किती ते मोजलं. एकही नव्हता. त्यानंतर हवाई दलाचा कल मागेपुढे करता येणाऱ्या आसनांकडे आणि पट्ट्यांकडे वळला. तुमच्या भिंतीवरचा तो हसतमुख गृहस्थही असाच कुठेच राहत नाही.

पॅट्रिशिया मूर या डिझायनरने हे फार मनावर घेतलं होतं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९७९ मध्ये, तिने म्हातारीचा वेष घ्यायला सुरुवात केली. नुसता विग आणि सुरकुत्या नव्हेत. सांधे आखडावेत म्हणून पट्ट्या बांधल्या, नजर धूसर करणारा चष्मा लावला, कानात बोळे घातले. तीन वर्षं ती अशी शहरोशहरी हिंडली, दारं उघडत, बसमध्ये चढत. तुम्ही एवढं करा असं मी म्हणत नाही. पण जाड हातमोजे घालून आणि पडद्याचा उजेड अगदी कमी करून तुमचाच फॉर्म एकदा भरून बघा. दहा मिनिटं पुरतील.

"आम्ही सर्व्हे घेतो", हे उत्तर मला नेहमी मिळतं. घेता, खरं आहे. पण काकूंना तुम्ही सर्व्हे पाठवला असता तर त्यांनी पाचपैकी चार तारे दिले असते. कारण त्यांच्या मते ॲप चांगलंच होतं, त्यांनाच येत नव्हतं. स्वतःला दोष देणारा माणूस तक्रार कशी करील? आणि "हे फीचर दिलं तर वापराल का?" असं विचारलं की भिडेखातर माणूस हो म्हणतो. त्याऐवजी विचारावं, "हे काम शेवटचं कधी केलंत? कसं केलंत, दाखवता का?" मग वही बाहेर येते.

बघणंही शिकावं लागतं. मी पहिल्या वर्षी फार बोलायचे. माणूस अडला की माझं बोट आपोआप बटणाकडे जायचं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला हात मांडीखाली दाबून बसायला लावलं, ते कामाला आलं. आणखी एक शब्द मी सोडून दिला: 'सोपं'. "हे अगदी सोपं आहे हं" असं म्हणून फोन हातात दिला की अडणाऱ्या माणसाला दुप्पट लाज वाटते आणि तो अडल्याचं लपवतो.

लाजेवरून आठवलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. एक नवं कॉपी-यंत्र लोकांना फार किचकट वाटत होतं. कंपनीचं म्हणणं, मोठं हिरवं बटण दिलंय, ते दाबलं की झालं. सचमन यांनी दोन माणसांना त्या यंत्रावर कॉपी काढायला सांगितलं आणि चित्रीकरण केलं. दोघंही चाचपडतायत, एकमेकांना विचारतायत, तरी हवी तशी कॉपी निघेना. त्यातले एक होते ॲलन न्यूवेल, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. दुसरे रॉन कॅप्लन, संगणकीय भाषाविज्ञानातले मोठे संशोधक. हे चित्रीकरण दाखवल्यावर 'आमचा ग्राहक शिकलेला नाही' हे वाक्य कुणाला उच्चारता येईल असं वाटत नाही.

किती माणसं बघायची, हाही प्रश्न तुम्ही विचारता. याकोब निल्सन आणि थॉमस लँडॉअर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेला हिशेब असा, की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत साधारण ८५ टक्के हाती लागतात. हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. क्वचित येणारी पण जीवघेणी अडचण पाच जणांत दिसणार नाही, आणि पाचही जण तुमच्याच वयाचे असतील तर काहीच दिसणार नाही. पण पाच जण बघा, दुरुस्त करा, परत पाच बघा, हे कुठल्याही टीमला झेपतं. शून्य माणसं बघून रिलीज करण्यापेक्षा तर नक्कीच बरं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. डेडलाइन असते, वरून दबाव असतो, आणि काही वेळा माणसं खरोखर चुकतात. सूचना वाचत नाहीत, दुसऱ्याचा पासवर्ड टाकतात. 'लोक मागतील ते द्या' असंही मी म्हणत नाही. लोकांना अडचण अचूक सांगता येते, उपाय दर वेळी सांगता येतो असं नाही, तो शोधणं तुमचं कसब. पण 'प्रशिक्षण कमी पडलं' या उत्तरावर माझा विश्वास राहिलेला नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका टँकर जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. सुकाणू आणि इंजिनांची नियंत्रणं एका टचस्क्रीनवरून दुसऱ्या टचस्क्रीनकडे सोपवताना कुणाच्या हातात काय आहे, हेच त्यांना कळेनासं झालं होतं. प्रशिक्षणातल्या त्रुटीही चौकशीत निघाल्या, हे खरं. तरीही २०१९ मध्ये नौदलाने जाहीर केलं, की वेगाची नियंत्रणं टचस्क्रीनवरून काढून पुन्हा हाताने ढकलायच्या दांड्यांवर आणणार. नौसैनिकांनाही तेच हवं होतं. कुणीतरी जाऊन विचारलं, म्हणून कळलं.

म्हणून माझं मागणं परत, थोडं तपशिलात. 'युजर एरर' काढा आणि त्या जागी एक मोकळी चौकट ठेवा: 'त्या क्षणी त्यांना समोर काय दिसत होतं?' फोन घेणाऱ्याला हे लिहायला अर्धा मिनिट जास्त लागेल. तो अर्धा मिनिट त्याच्या कामाच्या वेळेत धरा, नाहीतर चौकट कोरीच राहील. 'अवैध माहिती' असला संदेश दिसत होता असं पन्नास जणांनी लिहिलं, तर ते तिकीट कुणाच्या नावावर चढवायचं हे आपोआप ठरेल. पैसे, औषध किंवा पुसली जाणारी माहिती, यांच्याशी संबंध असलेल्या प्रत्येक कृतीला मागे फिरायची वाट द्या. मांडणी बदलण्याआधी, जी माणसं जुनी मांडणी पाठ करून बसली आहेत त्यांच्यातल्या पाच जणांना ती दाखवा. आणि महिन्यातून एक दुपार तुमच्यापैकी प्रत्येकाने मदतकेंद्रावर हेडफोन लावून बसावं, मॅनेजरांनीसुद्धा. फोनवर "माझंच चुकलं" हे वाक्य ऐकलं की लगेच धीर देऊन फोन ठेवू नका. "तुम्ही काय करायला गेला होतात?" असं विचारा आणि थांबा.

काकूंच्या ॲपमधला कोरा होणारा फॉर्म आम्ही दुरुस्त केला. बटण एकदा दाबल्यावर ते फिकं होतं आणि 'पैसे जात आहेत, थांबा' असं लिहून येतं. मेनू मात्र खालीच राहिला, त्यावर माझं म्हणणं टिकलं नाही. पुढच्या भेटीत मी त्यांच्याबरोबर बसले आणि त्यांनी नवं पान लिहून काढलं. या वेळी चार ओळींत झालं. पाचवी, लाल रेघांची ओळ त्यांनी तरीही लिहिलीच. मी म्हटलं, "काकू, आता दोनदा दाबलं तरी पैसे दोनदा जाणार नाहीत." त्या म्हणाल्या, "असू दे. थोडे दिवस बघते आणि मग खोडते."

आपली,
मदतकेंद्रावरची एक जुनी सहकारी